मास्क घुसमटवतो तो नेमका कशामुळे?

हिवाळ्यात धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात, आणि सुगीनंतरची दळणाची, कापसाची, खडीची कामंही याच दिवसांत जोरात असतात. त्यामुळे या वेळी मास्कबद्दलची पत्रं एकदम आली. बहुतेकांची तक्रार एकच: मास्क लावून काम करवत नाही. ही तक्रार खरी आहे, पण तिची कारणं लोक समजतात त्याहून बरीच वेगळी आहेत. म्हणून पहिली दोन उत्तरं थोडी लांबली आहेत.

आमची पिठाची गिरणी आहे. रोज आठ तास गाळ्यात उभं राहावं लागतं. डॉक्टरांनी एन-९५ लावायला सांगितलाय, पण अर्ध्या तासात चेहरा घामाने डबडबतो आणि दम लागल्यासारखं होतं. त्यापेक्षा जाड रुमाल बांधला तर चालणार नाही का?
– गिरणीचालक, कराड

जाड रुमालाने त्रास कमी होणार नाही आणि पीठही अडणार नाही. कापडाच्या दोन-तीन घट्ट घड्यांतून श्वास ओढायला एन-९५ पेक्षाही जास्त जोर लागू शकतो. एन-९५ च्या मधल्या थरात पॉलिप्रॉपिलिनचे अतिशय बारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर विद्युतभार दिलेला असतो. हा भार कण खेचून धरतो, त्यामुळे तंतू दाटीवाटीने भरावे लागत नाहीत. हवा सहज जाते, कण अडकतो. कापडाकडे हा भार नाही. ते दाट विणीवरच धूळ अडवणार आणि तेवढाच श्वासही अडवणार.

श्वासाला किती अडथळा झालेला चालेल, याच्या मर्यादा मानकांत ठरवलेल्या आहेत. युरोपच्या ईएन १४९ या मानकात एफएफपी२ (साधारण एन-९५ च्या तोडीच्या) मास्कमधून मिनिटाला ३० लिटर हवा ओढताना ०.७ मिलिबार आणि ९५ लिटर ओढताना २.४ मिलिबारपेक्षा जास्त दाब लागता कामा नये. हे दोन आकडे शेजारी ठेवले की तुमचा अनुभव उलगडतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. गव्हाचं पोतं उचलून गिरणीच्या हॉपरमध्ये (धान्य ओतायच्या नरसाळ्यात) ओतणारा माणूस चाळीस लिटर किंवा त्याहून जास्त घेतो. हवा जितकी पट जास्त, अडथळाही साधारण तितकी पट. म्हणून दुकानात बसून ‘बरा वाटतोय’ म्हणत घेतलेला मास्क पोतं उचलताना जड जातो. मास्क घेताना तो लावून दोन मिनिटं जागच्या जागी भरभर चालून बघा.

आता प्रकार. वाटीसारखा कडक मास्क ओठांपासून दूर राहतो, पण त्यात हवेचा साठा जास्त. बदकाच्या चोचीसारखा घडीचा मास्क गाळणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ जास्त असल्याने ओढायला हलका पडतो आणि बोलताना कमी सरकतो. अंगमेहनतीला आमची पसंती त्याला किंवा तीन भागांत उलगडणाऱ्या घडीच्या मास्कला आहे. सपाट सर्जिकल मास्क सुरुवातीला सगळ्यांत सुसह्य वाटतो. मात्र घामाने भिजला की तो ओठांना चिकटतो, मग श्वास मधल्या चार बोटं जागेतूनच जातो आणि बाकीचा गालांच्या फटींतून. कानात अडकवायच्या केएन-९५ मध्ये गाळण चांगली असते, पण कानाच्या लूपचा ताण कमी पडतो. दोन्ही लूप डोक्यामागे जोडणारा हूक लावला तर फट कमी होते आणि कानही दुखत नाहीत.

तुम्हाला आम्ही झडपेचा मास्क सुचवू. श्वास सोडताना रबराची पातळ पाकळी उघडते, गरम दमट हवा बाहेर पडते, आत ओढताना पाकळी मिटते. उष्णतेचा त्रास यात स्पष्ट कमी होतो. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने झडपेच्या मास्कविरुद्ध सूचना काढली होती, कारण झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळलेला नसतो आणि संसर्ग इतरांपर्यंत जाऊ शकतो. तुम्हाला मास्क पिठापासून स्वतःला वाचवायला हवा आहे, तिथे झडप चालते. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र बिनझडपेचा लावा. आणि पाकळीखाली पीठ साचलं तर ती पुरती मिटत नाही. रोज मास्क उजेडात धरून तेवढं तपासा.

थोडा वेळ मास्क गळ्यात ओढला तर काय बिघडतं, हे हिशेबाने पाहू. नीट बसलेल्या एन-९५ मागे बाहेरच्या धुळीचा एक दशांश भाग आत पोचतो असं धरतात. गाळण ९५ टक्के असली तरी कडेची गळती यात मोजलेली आहे. आठ तास न काढता लावला तर ०.८ तासाइतकी धूळ छातीत जाईल. एक तास काढला तर सात तासांची ०.७ आणि उघड्या तासाची १, म्हणजे १.७. दुपटीहून जास्त! अर्धा दिवस गळ्यात राहिला तर ४.४. समजा, निम्मी धूळ आत सोडणारा साधा सर्जिकल मास्क कुणी दिवसभर लावला, तर त्याचा हिशेब ४ होतो. म्हणजे अर्धा वेळ गळ्यात लोंबणारा एन-९५ हा दिवसभर लावलेल्या साध्या मास्कहूनही वाईट ठरला. म्हणून जो मास्क काढावासा वाटत नाही तो घ्या, आणि काढायचाच तर गाळ्याबाहेर येऊन काढा. दर तासाला पाच-सात मिनिटं बाहेर येऊन चेहरा कोरडा करून परत लावणं हे गाळ्यात दहा वेळा खाली ओढण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

मास्क बसलाय की नाही, हे गिरणीत आरसाच सांगतो. संध्याकाळी मास्क काढल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा गालावर पिठाच्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर हवा तिथून आत येत होती. रेघ नाकापाशी असेल तर वरची पट्टी नीट दाबा. हनुवटीपाशी असेल तर आकार बदला. गव्हाच्या पिठाची ॲलर्जी होऊन दमा जडतो हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून एवढा आग्रह धरतो आहोत. कामाच्या दिवशी शिंका, खोकला, छातीत शीळ आणि सुट्टीत आराम असं होत असेल, तर डॉक्टरांना तसंच सांगा.

मास्कमध्ये आपलाच कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ऑक्सिजन कमी होतो असं अनेक जण सांगतात. मला खरोखरच घुसमटल्यासारखं वाटतं, पण बोटाला लावायच्या मीटरवर ९८ दिसतं. मग खरं काय?
– शिक्षिका, ठाणे

दोन्ही खरं आहे. घुसमट खरी आणि ९८ सुद्धा खरं.

मास्क वायू अडवत नाही. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू तंतूंमधल्या मोकळ्या जागेच्या हजारो पट लहान असतात. शेवटच्या उच्छ्वासातली थोडी हवा मास्कच्या पोकळीत राहते आणि पुढच्या श्वासाबरोबर आधी तीच आत जाते, एवढं मात्र होतं. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार-पाच टक्के असतो आणि एन-९५ च्या पोकळीत सरासरी दोन ते तीन टक्के सापडतो. याच आकड्याची भीती घातली जाते. पण तो आकडा पोकळीतल्या हवेचा आहे. फुप्फुसात त्या हवेबरोबर बाहेरची बरीच ताजी हवा जाते. मुळात घसा आणि श्वासनलिका मिळून सुमारे १५० मिलिलिटर ‘जुनी’ हवा प्रत्येक श्वासाला परत आत जातच असते. मास्क तीत थोडी भर घालतो आणि शरीर श्वास किंचित खोल करून ती भरून काढतं.

अमेरिकेतल्या निऑश या, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा आरोग्य कर्मचाऱ्यांना एन-९५ लावून तासभर ट्रेडमिलवर चालवलं, वेग ताशी २.७ आणि ४ किलोमीटर. नाडी, श्वासाची गती आणि रक्तातला ऑक्सिजन यांत काळजी करावी असा फरक आढळला नाही. म्हणजे निरोगी माणसाच्या बेताच्या हालचालीपुरतं उत्तर स्पष्ट आहे.

मग घुसमट येते कुठून? मुख्यतः उष्णता आणि दमटपणातून. उच्छ्वास सुमारे ३४ अंश गरम आणि बाष्पाने भरलेला असतो. वरचा ओठ, नाकाचं टोक आणि गाल यांच्यावर थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंची दाटी असते. तिथे गार हवा लागली की मेंदूला श्वास मोकळा चाललाय असं कळतं. दम लागलेल्या रुग्णाच्या चेहऱ्यावर छोटा पंखा धरला तर दम कमी झाल्यासारखा वाटतो, तो याच कारणाने. मास्कने तो संदेश तुटतो. हाँगकाँगमध्ये २००५ साली पाच पुरुष आणि पाच स्त्रियांना एन-९५ आणि सर्जिकल मास्क लावून थांबत-थांबत ट्रेडमिलवर चालवलं होतं. एन-९५ च्या आतलं तापमान आणि दमटपणा जास्त निघाला, नाडीही जास्त चालली. आणि उकाडा, ओल, श्वासाचा अडथळा, खाज, घट्टपणा या सगळ्यांचे गुण लोकांनी एन-९५ लाच जास्त दिले.

यात आणखी एक चक्र असतं. घुसमट वाटली की माणूस भराभर आणि उथळ श्वास घेतो. श्वास ६०० मिलिलिटरचा असताना जुन्या हवेचा वाटा थोडा असतो, श्वास ३०० वर आला की तोच वाटा दुप्पट होतो. त्यामुळे खरोखरच जास्त श्वास घ्यावासा वाटतो. तुम्ही वर्गात बोलता, वाक्याच्या मध्ये तोंडाने चटकन हवा ओढता, तेव्हा हेच होतं. वाक्यं आखूड ठेवा, मध्ये थांबून नाकाने सावकाश आत घ्या, आणि सोडायला घेण्याच्या जवळपास दुप्पट वेळ द्या. ओला झालेला मास्क मधल्या सुट्टीत बदला. वर्गात कडक वाटीऐवजी ओठांपासून दूर राहणारा घडीचा मास्क लावा.

सपाट रस्त्यावर चालतानाही दम लागणारे, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा हृदय कमजोर असलेले, किंवा बंद जागेत घाबरे होणारे यांना वरचं लागू नाही. त्यांनी आधी डॉक्टरांच्या देखरेखीत मास्क लावून चालून पाहावं. गरगरणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं यांपैकी काहीही झालं तर मोकळ्या जागी जाऊन मास्क लगेच काढावा.

वॉर्डमध्ये सहा-सात तास एन-९५ लावावा लागतो. घरी येईपर्यंत डोकं ठणकतं आणि नाकावर जखम झाली आहे.
– परिचारिका, नागपूर

सिंगापूरमध्ये २००३ च्या सार्सच्या साथीत २१२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली होती. त्यांतल्या ३७.३ टक्के लोकांनी मास्कमुळे डोकेदुखी होते असं सांगितलं. सलग चार तासांहून जास्त वापर आणि आधीपासूनचा डोकेदुखीचा त्रास, या दोन गोष्टी त्यात ठळक दिसल्या. म्हणून चार तासांच्या आत एकदा सुरक्षित जागी जाऊन मास्क काढण्याची सोय ड्यूटी लावतानाच व्हायला हवी. ती मागायला संकोच करू नका. मास्क काढावा लागू नये म्हणून पाणी न पिणं हेही डोकेदुखीचं मोठं कारण आहे. मास्क लावण्याआधी एक-दीड ग्लास पाणी प्या, मधल्या विश्रांतीत परत प्या.

पट्ट्यांकडे बघा. वरची पट्टी टाळूच्या मागच्या उंचवट्यावर आणि खालची कानांच्या खाली मानेवर हवी. दोन्ही पट्ट्या एकाच जागी गोळा झाल्या की तिथली त्वचा आणि नसा दाबल्या जातात आणि घट्ट टोपीसारखं डोकं दुखतं. अंबाडा वरच्या पट्टीच्या आड येत असेल तर खाली बांधा.

नाकावरची जखम बहुधा एका हाताने चिमटल्यामुळे होते. एका हाताने दाबलं की पट्टी मधोमध कोन करून वाकते आणि तो कोन हाडावर रुततो. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला दाबत न्या, म्हणजे पट्टी गोलाईत बसते. सध्याच्या जखमेवर पातळ हायड्रोकोलॉइडचा (जखमेवर चिकटवायच्या मऊ पट्टीचा) छोटा तुकडा लावता येईल, पण त्यानंतर गळतीची तपासणी पुन्हा करायलाच हवी: दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे किंवा गालांकडे हवा लागली तर सील तुटलं आहे. जाड गॉझ किंवा कापूस लावू नका. व्हॅसलीनही नको, त्याने मास्क घसरतो. मॉइश्चरायझर ड्यूटीच्या तासभर आधी लावा, म्हणजे ते मुरतं. हे सगळं करूनही त्रास राहिला तर दुसऱ्या आकाराचा मास्क मागा आणि सॅकरिनची किंवा कडू फवाऱ्याची फिट-टेस्ट (मास्क लावल्यावर फवाऱ्याची चव आत लागते का, ही चाचणी) करून घ्या.

दुचाकीवर मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. हेल्मेटमध्ये तर काहीच दिसत नाही.
– पुणे

वाफ म्हणजे वरच्या कडेतून गळती. आधी मास्क, मग चष्मा मास्कच्या कडेवर टेकवून, शेवटी हेल्मेट, असा क्रम ठेवा. हेल्मेट चढवताना मास्क वर सरकतो, म्हणून काच उघडी ठेवून नाकाची पट्टी पुन्हा दाबा. कानात अडकवायचा मास्क हेल्मेटच्या गादीखाली ओढला जातो, त्यामुळे डोक्यामागे जाणाऱ्या पट्ट्यांचाच घ्या. सर्जिकल मास्क असेल तर वरच्या कडेला कागदी वैद्यकीय टेप लावा. गाड्यांच्या धुरातले कण एन-९५ अडवेल, वायू अडवणार नाही.

कपाशीवर फवारणी करताना कोणता मास्क लावावा? कृषी केंद्रात निळा सर्जिकल मास्क फुकट देतात.
– शेतकरी, यवतमाळ जिल्हा

तो मास्क फवारणीला लावू नका. त्याने संरक्षण मिळाल्याचा भास होतो, आणि औषधाने ओला झाला की तो विषाचा बोळा तोंडाला बांधल्यासारखा होतो. २०१७ च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. इथे सोय-गैरसोय दुय्यम आहे.

लागतो तो रबराचा किंवा सिलिकॉनचा, नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क, गाळणीचे दोन डबे लावायचा. डब्यावर ‘ए’ अक्षर आणि तपकिरी पट्टा असावा, हा सेंद्रिय वाफांसाठी. त्याच्याबरोबर थेंब आणि कण अडवणारा पांढऱ्या पट्ट्याचा पी२ थर हवा. औषधाच्या लेबलवर वेगळं काही सांगितलं असेल तर ते पाळा. सिलिकॉन थोडं महाग पडतं, पण मऊ राहतं आणि घामात कमी घसरतं. अशा मास्कला वजन असतं आणि श्वास ओढायला जोर जास्त लागतो. मात्र सोडलेली हवा झडपेतून जाते, त्यामुळे आत वाटतं तितकं उकडत नाही. घाम हनुवटीपाशी साचतो, तो शेताबाहेर येऊन, हातमोजे काढून आणि हात धुऊन पुसा.

डबे वासावर बदलू नका, कारण बऱ्याच कीटकनाशकांचा वास यायच्या आतच वाफ आत आलेली असते. उत्पादकाने दिलेले तास पाळा, आणि काम झालं की डबे हवाबंद पिशवीत ठेवा. उघडे राहिले तर आतला वाफ शोषणारा कोळसा आपोआप संपतो. फवारणी सकाळी लवकर करा, दुपारी घामही जास्त आणि श्वासही जास्त. वाऱ्याकडे पाठ असावी. आणि मास्क लावला म्हणून बाकीचं सोडू नका: फवारणीत औषध सगळ्यांत जास्त कातडीतून शिरतं. पाठीवरचा पंप गळत असेल तर आधी वायसर बदला, मग शेतात उतरा.

खडी क्रशरवर कामगारांना मास्क देतो. धुऊन किती दिवस वापरता येतात?
– पर्यवेक्षक, पुणे जिल्हा

धुवायचे नाहीत. साबणाने किंवा अल्कोहोलने तंतूंवरचा विद्युतभार जातो. त्यानंतरही मास्क दिसायला तसाच राहतो आणि श्वासही तितकाच सहज येतो, त्यामुळे संरक्षण गेल्याचं कामगाराला कळतच नाही. खडीच्या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही, म्हणून इथे काटकसर करू नका. मास्कवर ‘एनआर’ छापलं असेल तर तो एका पाळीपुरताच. ‘आर’ म्हणजे पुन्हा वापरता येणारा, पण उत्पादकाने सांगितल्या पद्धतीनेच पुसायचा. ‘डी’ असेल तर तो धुळीने लवकर न तुंबण्याच्या चाचणीतून गेलेला आहे, तुमच्याकडे तोच घ्या. श्वास ओढायला जड जायला लागला की पाळी संपायची वाट न बघता बदला. खोक्यावर आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि सीएम/एल हा परवाना क्रमांक पाहा, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. क्रशरच्या तोंडाशी पाण्याचा फवारा चालू ठेवलात तर कामगाराच्या मास्कवरचा भारही हलका होईल.

दाढी ठेवली तर एन-९५ चालतो का?
– यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

मास्कची कड जिथे त्वचेला टेकते तिथे एक-दोन दिवसांचे खुंटही नकोत. कडेच्या आत मावणारी मिशी चालते. दाढी काढायची नसेल तर पंख्याने गाळलेली हवा सोडणारा सैल हूडचा मास्क हाच उपाय. त्यात मिनिटाला १७० लिटर हवा चेहऱ्यावर येते, श्वास ओढावा लागत नाही आणि उकडत नाही. किंमत आणि बॅटरी मात्र परवडायला हवी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटत असेल तर ती कापसाच्या धुळीची खूण आहे. तेव्हा छातीची फुंकर-तपासणी लगेच करून घ्या.

वडिलांना दमा आहे. मुंबईत पहाटे फिरायला जाताना त्यांनी मास्क लावावा का?
– गोरेगाव

पहाटेची वेळच बदला. हिवाळ्यात गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि त्यातच धूर अडकून राहतो. ऊन चढल्यावर तो वर जातो. सकाळी नऊ-साडेनऊनंतर, मोठ्या रस्त्यापासून दूर फिरू दे. मास्क लावायचाच तर घडीचा एन-९५ आणि बोलता येईल एवढ्याच वेगाने चाल. इनहेलर खिशात असावा, आणि दम लागला तर थांबून, मास्क काढून तो घ्यावा.